म्हैसासुराचे डोळे

आमच्या घरात उखळं दोन होती, एक भाताचं आणि एक कागदाचं. भाताच्या उखळाला कागदाचा लगदा लागलेला काकीला खपत नसे, आणि कागदाच्या उखळात कोणी मिरची कुटली तर काका दोन दिवस जेवायला पाठमोरा बसे. दोघांची भांडणं झाली ती बहुतेक या दोन उखळांवरून आणि पाण्यावरून. घरात आम्ही चौघं होतो. काका, काकी, माझी आई आणि मी. माझा बाप मी रांगत असताना गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही, आणि आठवतो असं लिहून कोणाला रडवायचं मला काही कारण नाही. काकाला मूल नव्हतं. आई आणि मी त्याच्या घरात राहायचो, त्याच्या शेतात राबायचो, आणि उपकार वगैरे शब्द कोणी काढत नसे. काढायला वेळ नव्हता.

काका सोंगांचे मुखवटे करायचा. होळी झाली की आमच्याकडे पाड्यापाड्यात बोहाडा लागतो. देवीपुढे सोंगं नाचतात. गणपतीचं सोंग, रावणाचं सोंग, त्राटिकेचं सोंग, अशी कितीतरी. एकेक सोंग एकेका घराचं असतं. बापानं नाचवलं, मग पोरानं नाचवायचं. शेवटच्या दिवशी उजाडल्यावर देवी येते, म्हैसासुर येतो, देवी त्याला मारते आणि बोहाडा संपतो. मग लोक जेवतात आणि ज्याला वीटभट्टीवर नाहीतर ठाण्याकडे कामाला परत जायचं तो मोखाड्याची जीप धरतो. आमच्या आणि आसपासच्या पाच पाड्यांतले मुखवटे काकाच्या हातचे, त्याच्या आधी त्याच्या बापाच्या हातचे. हा आमच्या घराचा मान होता. मानानं पोट भरत नाही, पण मान गेला की पोट भरलेलं असूनही माणूस उपाशी दिसतो, हे मी काकाकडे बघून शिकले.

मुखवट्याचं काम असं. रद्दी बाजारातून आणायची, शाळेतल्या जुन्या वह्या मास्तरांकडून मागायच्या. कागद फाडून भिजत घालायचा. चांगला कुजका वास यायला लागला की कुटायचा. त्यात मेथीचं पीठ, म्हणजे कीड आणि उंदीर लागत नाहीत, आणि चिंचोक्याची खळ. मातीचा साचा करून त्याला राख फासायची आणि त्यावर लगदा बोटांनी चढवायचा. सावलीत वाळवायचा. मग चुना, मग रंग. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून कुटण्याचं आणि पाण्याचं काम माझं. ओल्या कागदावर मुसळ पडलं की थप्प असा जाड, आळशी आवाज येतो. भात कांडण्याचा आवाज कोरडा असतो. मी पाण्याला गेले की मुसळ काका नाहीतर काकी धरायची, आणि परत येताना मला लांबून कळायचं की आज काकी जिंकली की काका.

पाणी हा मोठा विषय होता. फाल्गुन सरला की आमची विहीर तळ दाखवायची आणि मग झऱ्यावर जावं लागायचं, उतरून आणि चढून. झऱ्याशी वाटीनं हंडा भरायचा. एवढं करून आणलेलं पाणी काका पाटीभर रद्दीवर ओतायचा तेव्हा काकी दारात उभी राहून सांगायची की देवाला तहान लागली असेल तर देवानं झऱ्यावर यावं. काका म्हणायचा, देव येतो गं, पण तुझं तोंड बघून मागं फिरतो. मग काकी त्या दिवशी उडदाच्या आमटीत मीठ घालायची नाही. आम्हा मायलेकींचा यात काही अपराध नसायचा, पण आमटी आम्हीही अळणीच खायचो. नागलीची भाकरी, अळणी आमटी आणि वर कच्च्या करवंदांचा ठेचा. ठेचा असला की मी तक्रार करत नसे.

शाळा माझी चौथीपर्यंत झाली. अभ्यासात मी बरी होते, पण माझं खरं नाव होतं ते नीटनेटक्या अक्षरासाठी. मास्तरांना रेघ सरळ लागायची. रेघेच्या बाहेर गेलं की बोटांवर पट्टी. मी कधी बाहेर गेले नाही. मला त्याचा गर्वही होता. पुढे कळलं की माझी बोटं रेघेच्या आत राहायला शिकली होती आणि दुसरं काही शिकली नव्हती. मी घर सारवलं तरी अंगण वहीच्या पानासारखं दिसायचं. काकी म्हणायची, हिच्या सारवणावरून चालायची भीती वाटते.

बाईमाणसानं मुखवट्याचा चेहरा करायचा नाही असा काही नियम नव्हता. कोणी कधी विचारलंच नव्हतं, एवढंच.

मग त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. बोहाडा पंधरा दिवसांवर आला तेव्हा माळ्यावरून मुखवटे खाली काढले, तर म्हैसासुराच्या नाकात उंदरांनी पिल्लं घातलेली. नाक आणि अर्धा गाल गेला होता. तो मुखवटा काकाच्या बापाच्या हातचा. मेथी कमी पडली असणार, असं काका म्हणाला, पण बापाबद्दल बोलायचं म्हणून हळू म्हणाला. नवा करायला घ्यायचा असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी काका कैऱ्या काढायला आंब्यावर चढला आणि फांदीसकट खाली आला. उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं पाला लावून बांबूच्या काड्यांत हात बांधला आणि सांगितलं की हा हात आता पावसापर्यंत पाहुणा आहे, त्याला काम सांगू नका.

म्हैसासुराचं सोंग धवळू कारभाऱ्याच्या घरचं. पाड्यातली भांडणं तोच मिटवायचा, कारण त्याच्यापुढे भांडायला कोणाला नको वाटायचं. त्याची डावी भिवई कायम वर चढलेली असायची आणि खालचा ओठ उजवीकडे सरकलेला, जणू कोणीतरी त्याला आत्ताच खोटं सांगितलंय. त्यानं तसं बघितलं की माणसं अर्धं बोलणं परत गिळायची. तो काकाचा हात बघायला आला. काकानं सांगितलं की मी बसून सांगीन आणि बुधी करील. बुधी म्हणजे मी, बुधवारची. धवळूनं माझ्याकडे बघितलं, भिवई वर गेली, ओठ सरकला. म्हणाला, मुखवटा नीट नाय झाला तर मी दुसऱ्या गावाहून आणीन, आन मग दरसाल तिकडूनच आणीन. एवढं बोलून त्यानं चहा पूर्ण प्यायला आणि गेला.

म्हणजे आता आमच्या घराचा मान माझ्या बोटांवर येऊन बसला. मी सोळा-सतरा वर्षांची होते.

पहिले आठ दिवस कसे गेले ते आठवून आजही हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. मी जुना, उंदरांनी खाल्लेला मुखवटा समोर ठेवला आणि अगदी तसाच करायला बसले. दोरीनं कपाळ मोजलं, काडीनं नाक मोजलं. काका खाटेवर बसून डाव्या हातानं हवेत गाल काढून दाखवायचा. इथं दाब. एवढा नाय. अगं, दाब म्हटलं, मारू नको. पहिला मुखवटा वाळताना हनुवटीपासून कपाळापर्यंत तडकला. दुसरा तडकला नाही, पण त्याचं तोंड बघून आई म्हणाली की हा राक्षस नाही, तलाठी आहे. दोन्ही परत पाण्यात गेले. त्यासाठी मी झऱ्याच्या किती खेपा घातल्या ते काकीनं मोजलं आणि मला रोज सांगितलं. रात्री माझे खांदे दुखायचे. हातानं काम केल्यानं नाही, हात आवळून धरल्यानं.

काकाचा धीर सुटला. तो ओरडला असता तर बरं होतं. तो म्हणाला, तुझा हात चांगला हाय, पण तू त्याला सोडत नाय. मला त्यातलं काही समजलं नाही. हात काय बकरी आहे सोडायला, असं मी मनात म्हटलं.

मागे एकदा जव्हारला एका शाळेत मला बोलावलं होतं. आता बोलावतात, म्हातारी झाले ना. तिथल्या तरुण बाईंनी पोरांसमोर मला विचारलं की काम करायला मूड कसा लागतो तो सांगा. मी म्हटलं, मूड मला ठाऊक नाही, कागद आदल्या दिवशी भिजत घालायचा हे ठाऊक आहे. सगळे हसले आणि टाळ्या वाजवल्या. पण ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं इथं सांगते, कारण तिथं पोरांना खाऊ वाटायची घाई झाली होती.

बोहाड्याला चार दिवस राहिले. काका सकाळच्या जीपनं हात दाखवायला मोखाड्याला गेला, काकी त्याच्याबरोबर बाजाराला. घरात मी आणि आई. आई ओटीवर मोहाची फुलं निवडत बसली होती. तिसऱ्यांदा साच्यावर लगदा चढवून मी बसले होते आणि हात पुढे जात नव्हता. आईनं विचारलं, धवळू त्या दिवशी नेमकं काय म्हणाला. ती तेव्हा झऱ्यावर होती, तिनं ऐकलं नव्हतं. मी सांगायला लागले. आता धवळूचं बोलणं सांगायचं तर तोंडही धवळूचं करावं लागतं. मी भिवई चढवली, ओठ सरकवला आणि त्याच्या आवाजात म्हटलं, दरसाल तिकडूनच आणीन. आई एवढी हसली की सूप कलंडलं. म्हणाली, परत कर. मी परत केलं. मग धवळू भांडण मिटवताना कसा बसतो ते केलं. धवळू जीपमध्ये पुढची जागा कशी मागतो ते केलं. धवळूची बायको सोमी त्याला भाकरी वाढते तेव्हा तो भाकरीकडेही तसंच बघतो, ते केलं. आई डोळे पुसत म्हणायची, पुरे गं, आणि लगेच म्हणायची, आता तो देवळात नारळ फोडताना.

या सगळ्यात माझे हात लगद्यात होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. माझं तोंड धवळूचं होत होतं आणि बोटं तोंडाच्या मागोमाग जात होती. ओठ सरकला की अंगठा सरकायचा. भिवई चढली की बोटांनी लगदा वर ढकललेला असायचा. मध्येच आईनं भाजलेली मोहाची फुलं माझ्या तोंडात घातली, माझे हात भरले होते म्हणून. गोड, धुरकट. बाहेर कुठंतरी संबळवाला हात बसवत होता, एकच ठेका, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मीही गुणगुणत होते म्हणे, आईनं नंतर सांगितलं. मोजायची दोरी कुठं पडली ते दुसऱ्या दिवशी कळलं.

दोन दिवस तो सावलीत वाळला. तडकला नाही. जाड-पातळ कुठंच नव्हता. काकानं डाव्या हाताच्या नखानं वाजवून बघितला आणि परत सावलीत ठेवला, म्हणजे ठीक होता. कच्चा, पांढरा असताना चेहरा कळत नाही. तो कोणाला कळलाही नाही. मला कळला होता की नाही, हे आज शपथेवर सांगता येणार नाही. मग रंगाच्या दिवशी काका देवळात मांडव बघायला गेला. मी चुना दिला, गेरू दिला, डब्यातला हिरवा दिला, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची शिंगं काळी केली, भिवया काळ्या केल्या. हात तसाच हलका होता. असं वाटत होतं की रंग मी लावत नाही, तो आधीच तिथं आहे आणि मी फक्त वरची धूळ पुसतेय. काडीला काजळी उरली होती. उरली होती म्हणून मी ती वाया घालवली नाही. दोन बुबुळं काढली.

हे वाचणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. आमच्याकडे मुखवट्याचे डोळे सर्वांत शेवटी, देवळात, सोंगवाल्यासमोर नारळ फोडून उघडतात. तोवर डोळे पांढरेच ठेवायचे. कारण डोळे उघडले की तो मुखवटा राहत नाही, तो देव होतो नाहीतर राक्षस होतो, आणि मग त्याला कोणी खरवडायचं नाही, रंग बदलायचा नाही, काही नाही. आहे तसा नाचवायचा. मी आठ वर्षांची असल्यापासून हे जाणत होते. तरी काढले. चूक झाली तेव्हा मला ती चूक वाटली नाही, हेच त्यातलं खरं. मला फार बरं वाटत होतं.

काका आला. त्यानं डोळे बघितले, मग सगळा चेहरा बघितला. डोळे असल्यावर चेहरा कळतो. काका खाली बसला.

“डोळे कोणी उघडले?”

“मी.”

“आन हा कोण हाय?”

काकी चुलीपुढून उठून आली, तिनं बघितलं आणि म्हणाली, अगं बाई, कारभारी. मग तिनं घाईघाईनं सांगितलं की दाढी लावा, दाढीत ओठ झाकेल. काका म्हणाला, आता हात लावता येत नाय. काकी म्हणाली, मग उंदरांना बोलवा. त्याही वेळी मला हसू आलं आणि त्याबद्दल मला आईचा धपाटा बसला. पण काका हसला नाही. नवा करायला दिवस नव्हते. धवळूनं हा घातला नाही तर म्हैसासुर नाही, म्हैसासुर नाही तर देवी कोणाला मारणार, आणि बोहाडा मोडला तो आमच्या घरामुळे, हे पाच पाड्यांत पसरायला एक सकाळ पुरली असती. काकानं एवढंच विचारलं की तू मुद्दाम केलंस काय. मी नाही म्हटलं. ते खरं होतं, पण धवळूला कसं पटवणार ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मुखवटा फडक्यात गुंडाळून आम्ही देवळात गेलो. धवळू होता, सोमी होती, सोंगवाले होते, संबळवाला होता. काकानं आधीच सांगून टाकलं की डोळे उघडलेत, पोरीची चूक झाली, नारळ मी फोडतो आणि दंड म्हणून आणखी एक फोडतो. मग डाव्या हातानं फडकं काढलं.

संबळवाल्यानं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. धवळूनं मुखवट्याकडे बघितलं. त्याची डावी भिवई वर गेली. ओठ उजवीकडे सरकला. आता देवळात दोन होते, समोरासमोर. सोमीनं पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही.

“घरात एक होता,” ती म्हणाली, “तो काय कमी पडला होता?”

मग देऊळ फुटलं. लोक खांबाला धरून हसत होते. मी हसले नाही. मी धवळूकडे बघत होते, कारण माझं सगळं त्याच्यावर होतं. त्यानं मुखवटा उचलला, वजन बघितलं, तोंडावर चढवला आणि दोरी मागे बांधली. शिंगं हलवून बघितली. मग तो तसाच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आतून आवाज आला.

“माझी भिवई अशी असते?”

खोटं बोलायला सुचलं असतं तर बोलले असते. “अशीच असते.”

“कायम?”

“झोपेत पण,” सोमी मागून म्हणाली.

त्यानं मुखवट्यासकटच सोमीकडे बघितलं. मग दोरी सोडली आणि काकाकडे वळून म्हणाला, “हलका हाय. मागला मानेला लागायचा.” आणि मुखवटा बगलेत मारून घरी गेला. दंडाचा नारळ काकानं फोडलाच. खोबरं आम्ही वाटून खाल्लं.

बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी धवळू नाचला तसा तो आधी कधी नाचला नव्हता. आधी तो काठी गिळल्यासारखा नाचायचा, कारभारी होता ना. त्या दिवशी तो माणसांत घुसला. ज्यांची भांडणं त्यानं मिटवली होती त्यांच्यापुढे जाऊन एकेकाकडे भिवई फिरवली, आणि ज्याच्यापुढे जाईल तो माणूस आधी मागे सरायचा आणि मग पोट धरायचा. सोमीच्या पुढ्यात येऊन त्यानं भाकरी मागितल्यासारखा हात केला. देवीनं त्याला मारलं तर तो पडला, पुन्हा उठला, पुन्हा पडला. देवीचं सोंग घेणारा दमून कुजबुजला की आता मर बाबा, जीप जाईल. धवळूनं आणखी एक गिरकी घेतली आणि मगच मेला.

मी नंतर पुष्कळ मुखवटे केले. काही तडकले, काही तलाठी झाले. दर वेळी हात तसा सुटतो असं नाही, आणि सुटत नाही तेव्हा मी उठून भांडी घासते. पण तो सुटू शकतो, हे एकदा कळलं की माणूस दोरी घेऊन नाक मोजत बसत नाही. डोळे मात्र त्यानंतर मी कधी घरी काढले नाहीत. काजळी उरली तर मांजराला लावते.

बोहाडा झाल्यावर दोन दिवसांनी मी पडवीत बसले होते. लगदा उरला होता, वास मारत होता. काकीनं सांगितलं होतं की उकिरड्यावर टाक. मी तो टाकायला घेतला आणि बसल्या बसल्या त्याचं काहीतरी करत राहिले. कोणाचं सोंग नव्हतं ते. गाल फुगलेलं, दात पुढे आलेलं, खूश असलेलं एक तोंड. कोणी मागितलं नव्हतं आणि कुठं नाचणारही नव्हतं. बाहेर काका खाटेवर हात मांडीवर ठेवून बसला होता. खालच्या पाड्यातला रावणाचा सोंगवाला आला. राम राम झाला. त्यानं काकाला विचारलं की पुढल्या सालासाठी नवा रावण हवाय, करून देशील काय, हात कधी बरा होईल.

काकानं आत बघून हाक मारली.

“बुधे, तुझ्याकडं माणूस आलाय.”

मी म्हटलं, बसू दे त्याला. माझे हात भरलेत.